जपान्याचा राग, सोनगीरचा झोका

पिंप्राळा, जळगाव
१२ जुलै १९९०

चि. हिलाल,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते. पत्र संपेपर्यंत द्यावासा वाटेल की नाही, सांगता येत नाही.

आखाजीच्या सणाला मी माहेरी सोनगीरला आले, झोक्यावर बसून माझं गाणं म्हटलं, आणि तू धुळ्याहून येऊन चार बायांदेखत म्हणालास, "अक्का, सरळ शिव्याच दे ना, गाणं कशाला?" ते मी विसरलेले नाही. झोक्यावरच्या बाईने काय वाटेल ते गावं, भावाला बोलावं, सासूला बोलावं, ऐकणाऱ्याने मनावर घेऊ नये, ही आपल्याकडची रीत. तू मनावर घेतलं नाहीस, पण हसलास. हसण्यापेक्षा मनावर घेतलं असतंस तर बरं झालं असतं.

आता काम सांगते. आमचे हे, म्हणजे तुझे पाव्हणे, सूतगिरणीची जीप चालवतात. गिरणीत जपानची नवी यंत्रं आली आणि ती बसवायला मोरिता नावाचा इंजिनिअर आला. सगळे त्याला मोरेसाहेब म्हणतात, तोही ओ देतो. पाव्हण्यांनी त्याला पहूरवरून अजिंठ्याला फिरवून आणलं. परत जाताना त्याने आम्हाला एक कॅसेट दिली. कव्हरवर एक हडकुळा, केस वाढलेला माणूस गिटार घेऊन बसलाय. मोरेसाहेबांनी त्या फोटोवर तीनदा बोट ठेवून सांगितलं, लिहिणारा हा, चाल लावणारा हा, गाणारा हाच. त्यांच्याकडे असे पुष्कळ आहेत म्हणे. दुकानात जाऊन लोक त्या माणसाचंच नाव सांगून कॅसेट मागतात.

त्यातलं दुसरं गाणं मी रोज ऐकते. आधी तो नुसता बोलतो, दाराशी उभा राहून बोलावं तसा. मग आवाज चढत जातो आणि शेवटी तो असा कडाडतो की पाव्हण्यांनी पहिल्या दिवशी टेपच बंद केला. म्हणाले, शब्द कळत नाहीत, तुला काय मजा येते? मी म्हटलं, शेजारचं भांडण कळायला भाषा लागते का? तो माणूस रागावलाय, हिलाल. भयंकर रागावलाय.

मीही लिहिते, चाल लावते, गाते. तुझं कॅसेटचं दुकान आहे, ऑर्केस्ट्रा आहे, निर्मलकुमार शेठ कॅसेटी काढतात त्यांच्याकडे तुझी ऊठबस आहे. माझी कॅसेट काढ. वर नाव माझं. उत्तर लवकर दे, माय बरी आहे का तेही लिही.

अक्का

*

धुळे
२ ऑगस्ट १९९०

ती. अक्कास,

नमस्कार. मी हसलो तर तू पत्रभर फुगतेस, आणि न हसतो तर म्हणाली असतीस हिलालला गाण्यातलं कळत नाही. माय बरी आहे. गुडघे धरले आहेत, पण सोनगीर सोडून धुळ्याला येत नाही.

जपान्याची कॅसेट जरूर पाठव. उखर्डूकाका धुळे गाडीला कंडक्टर आहेत, त्यांच्याजवळ दिलीस की स्टँडवरून मी घेईन. चाल नवीन असेल तर बघू. इथे पब्लिक नव्या चालीसाठी वेडं झालंय. लग्नसराईत नाचायला एक जरी नवी चाल मिळाली तरी बॅन्डवाले दारात उभे राहतात.

पण तो रागावलाय हे तुझं काही पटत नाही. बाहेरदेशचा माणूस, केस वाढवलेले, हातात गिटार, आणि गळा काढून ओरडतोय. पोरगी सोडून गेली असेल, दुसरं काय? गाणं म्हणजे प्रेमाचं नाहीतर देवाचं. रागाचं गाणं कोण विकत घेणार, अक्का? राग तर घरोघर फुकट मिळतो.

तुझं गाणंही पाठव. मी लहान भाऊ आहे, नाही कसं म्हणेन? तुझ्याकडे टेप आहेच, त्यात भर. मी शेठच्या कानावर घालतो. मात्र नावाचं आत्ताच बोलत नाही. तुझ्या सासरी काय म्हणतील? पाव्हण्यांना गिरणीत कोणी हटकलं, "बायको कॅसेटमध्ये गाते का?" तर त्यांना बरं वाटेल का? विचार कर.

हिलाल

*

पिंप्राळा
२० ऑगस्ट १९९०

चि. हिलाल,

पाव्हण्यांची काळजी तू करू नकोस, त्यांची बायको समर्थ आहे. त्यांना मी विचारलं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "गाते तर आहेसच, घरात गा नाहीतर कॅसेटमध्ये गा, मला काय, दोन्हीकडे ऐकायचंच आहे." झालं? आता दुसरं कारण शोध.

उखर्डूकाकांजवळ दोन कॅसेटी दिल्या आहेत. एक जपान्याची, ती ऐकून परत पाठव, ती भेट आहे. दुसरीत माझं गाणं आहे. मध्ये कुकरची शिट्टी आलीय, ती सोडून ऐक. चाल माझी आहे, जपान्याची नाही. त्याच्याकडून मी एवढंच घेतलं की आधी साधं बोलायचं आणि मग आवाज सोडायचा, लाजायचं नाही. शब्द तुला माहीत आहेत:

*भाऊले पेटी, माले परात,*
*मना सूर जयी गया घरनाच घरात.*

तुला राग येईल म्हणून आधीच सांगते, हे तुझ्यावर नाही, आबांवर आहे. शाळेत प्रार्थना मी सांगायचे, भजनात बायकांच्या पुढे मला बसवायचे, आणि आबांनी सोनगीरच्या बाजारातून पेटी आणली ती तुझ्यासाठी. तुला तेव्हा सा कुठे असतो तेही ठाऊक नव्हतं. मी हात लावला तर म्हणाले, "तू पीठ मळ." त्याच वर्षी माझी सातवीनंतर शाळा बंद केली. आबा गेले, त्यांच्याशी भांडायची सोय राहिली नाही. म्हणून हे गाणं आहे. घरात सूर जळतो तो फक्त माझाच नाही. आखाजीला मी म्हटलं तेव्हा भागाबाई काकू पदर तोंडाला लावून का बसल्या होत्या, ते तुला दिसलं नाही. तू हसण्यात होतास.

शब्द बदलायचे नाहीत. कडवी गाळायची नाहीत. वर लिहायचं, गीत, चाल, आवाज, बेबाबाई. बस.

अक्का

*

धुळे
५ नोव्हेंबर १९९०

ती. अक्कास,

दिवाळीला तू आली नाहीस, पत्रालाही मला उशीर झाला. ऑर्केस्ट्राच्या तारखा, दुकान, सगळं एकट्यावर आहे. जपान्याची कॅसेट अजून माझ्याकडे आहे, सावकाश पाठवतो.

शेठना तुझं गाणं ऐकवलं. ते मारवाडी माणूस, पण खान्देशी गाणी त्यांच्याइतकी कोणी विकत नाही, आणि बाजार त्यांना तळहातासारखा कळतो. ते म्हणाले, आवाज जाड आहे, बाईचं नाव नको, बाईच्या नावावर माल उचलला जात नाही. मी पुष्कळ सांगितलं, अक्का. देवाशपथ सांगितलं. पण पैसा लावणारा तो, आपण काय बोलणार?

तू जीव लावून बसू नकोस. पुढेमागे बघू. आणि दुसरं एक, गावच्या गोष्टी गाण्यात घालून चव्हाट्यावर कशाला आणायच्या? आबा गेले. गेलेल्या माणसाला कॅसेटमध्ये घालून गल्लोगल्ली वाजवायचं का?

मायला थंडीचा त्रास होतोय. शाल घेऊन दिली.

हिलाल

*

पिंप्राळा
९ फेब्रुवारी १९९१

हिलाल,

चिरंजीव लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. आशीर्वादही नाही. शोधू नकोस.

परवा आम्ही पहूरला लग्नाला गेलो होतो, पाव्हण्यांच्या चुलतभावाच्या पोरीच्या. हळद लागली, कर्ण्यावर कॅसेट लागली, आणि मी वाढायचं ताट हातात घेऊन जागच्या जागी उभी राहिले. चाल माझ्या जपान्याची. तेच दुसरं गाणं. पण त्याला ढोलकी लावलेली, खुळखुळे लावलेले, वर बासरी. आणि शब्द काय?

*नवरीले साडी, नवराले गाडी,*
*करवली नाचस फाडफाडी!*

पोरं नाचत होती. म्हातारे नाचत होते. नवरदेवाचा मामा तर टोपी उडवून नाचत होता. मी लाऊडस्पीकरवाल्याकडून कव्हर मागून घेतलं. वर तुझा फोटो, गॉगल लावलेला. गीत हिलाल, संगीत हिलाल. गायिका कोणी भाड्याची, गोड आवाजाची.

लाज वाटली नाही? तो माणूस कुठल्या देशात, कशापायी तळमळून ओरडलाय, आणि तू त्याला धरून हळदीत नाचवलंस! रागावलेल्या माणसाच्या पायात घुंगरू बांधलेस! आणि माझं? माझी ओळ धरलीस, भाऊ काढलास, पेटी काढलीस, परात काढलीस, आणि त्या जागी साडी-गाडी कोंबलीस. म्हणजे माप माझंच, कापड तुझं. मला कळणार नाही असं वाटलं? मी शिवलेला झगा मी ओळखणार नाही?

लहानपणी पेटी घेतलीस. आता पेटीवरचं गाणंही घेतलंस. राहिलं काय? परात? ती पाठवू का उखर्डूकाकांजवळ?

देवाशपथ सांगितलं म्हणालास. कुठल्या देवाची, त्याचं नाव कळव.

आणि माझी जपान्याची कॅसेट परत पाठव. आज.

बेबाबाई

*

धुळे
२० फेब्रुवारी १९९१

ती. अक्कास,

तू आशीर्वाद दिला नाहीस तरी मी नमस्कार करतो. मोठी आहेस म्हणून करतो, बरोबर आहेस म्हणून नाही.

एवढं बोललीस, आता माझंही ऐक. पेटी, पेटी, पेटी! त्या पेटीनं मला काय दिलं ते कधी विचारलंस? आबा गेले तेव्हा मी कॉलेजात पाऊल टाकलं होतं. ते सोडून ती पेटी खांद्यावर मारली आणि लग्नामुंजीत, सत्यनारायणात, कोणी दारूच्या पार्टीत बोलावलं तर तिथेही वाजवली. लोक जेवायचे आणि मी मांडवाच्या कोपऱ्यात वाजवायचो, जेवायला कोणी शेवटी बोलवायचं, कधी विसरायचं. मायचं पोट त्यावर भरलं. तुझ्या लग्नातला बॅन्ड कोणाच्या ओळखीने फुकट आला? तुला पेटी मिळाली असती तर तू काय केलं असतंस, सासरी नेऊन गौराईपुढे वाजवली असतीस!

राहिला जपानी. तो काय सोनगीरला येणार आहे माझी गचांडी धरायला? बठ्ठा हिंदुस्थान बाहेरच्या चाली उचलतो, मी एकट्याने उचलली तर आभाळ कोसळलं? आणि त्याच्या गाण्यावर पहूरला हजार माणूस नाचलं. रागाचं राहिलं असतं तर कोणी उठून स्पीकर बंद केला असता. पाव्हण्यांनीच केला नव्हता का? तूच लिहिलं होतंस.

नावाचं मी तुला सांगितलं आहे. शेठ नाही म्हणाले. माझ्या हातात काही नाही. भांडायचं असेल तर त्यांच्याशी भांड.

कॅसेट सापडत नाही, शोधतो.

हिलाल

*

धुळे
१४ मार्च १९९१

सौ. बेबाबाई यांस,

जय जिनेंद्र. आपले पत्र कव्हरवरच्या पत्त्यावर आले, ते मी दोनदा वाचले आणि घरी पत्नी चंदनबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, आजच उत्तर लिहा. म्हणून लिहितो.

आपण मला शिव्या दिल्या नाहीत, पण द्यायच्या राखून ठेवल्या आहेत हे समजले. बाईचे नाव नको असे मी म्हणालो, असे आपल्याला कळवले गेले. ताई, असे मी बोललो नाही. हिलालभाऊंनी मला साडी-गाडीचेच गाणे ऐकवले, दुसरे कुठलेही नाही. ते ऐकून मीच विचारले होते की या गाण्याची बांधणी बाईमाणसाच्या तोंडची वाटते, घरात कोणी लिहिते का? लिहीत असेल तर त्यांचे नाव घाला, आखाजीच्या बाजारात बायका ते बघूनच घेतील. तेव्हा भाऊ म्हणाले, "घरात एक बहीण आहे, पण तिला लिहिता-वाचता येत नाही."

आपले अक्षर माझ्यासमोर आहे. माझ्या मुनीमापेक्षा चांगले आहे.

चाल परदेशी आहे हेही मला आपल्यामुळेच कळले. भाऊंनी ती स्वतःची म्हणून दिली होती. दुसऱ्याचा माल आपला म्हणून विकणे आमच्या दुकानात बसत नाही. त्या कॅसेटचे पुढचे काम मी थांबवले आहे. आपले गाणे आपल्याच चालीत, आपल्याच आवाजात भरायचे असेल तर जूनमध्ये स्टुडिओ मोकळा आहे. नाव आपण सांगाल ते. भावाबहिणीत मी पडू इच्छित नाही, पण माझे नाव मध्ये ओढले गेले, म्हणून खुलासा करणे भाग पडले.

आपला,
निर्मलकुमार

*

पिंप्राळा
३ एप्रिल १९९१

हिलाल,

"तिला लिहिता-वाचता येत नाही."

हे वाक्य मी माझ्या अक्षरात लिहिलं, म्हणजे तुला दोन्ही एकदम दिसतील. शेठचं पत्र आलं. त्यांनी माझं गाणं ऐकलंच नव्हतं. तू ऐकवलंच नाहीस! आवाज जाड हे तुझं. बाईचं नाव नको हे तुझं. आणि घातलंस कोणाच्या गळ्यात, तर त्या बिचाऱ्या परक्या माणसाच्या.

तुला पाढे कोणी शिकवले रे? चुलीपुढे बसवून, लाटण्याच्या टोकाने राखेत अक्षरं काढून तुझ्याकडून बाराखडी कोणी गिरवून घेतली? चोरी मी एखादवेळ सोडली असती. भाऊ चोर निघाला तर बहीण शेजाऱ्यांना सांगत नाही. पण मला अडाणी केलंस. ते मी सोडणार नाही.

आता एक ऐक. मोरेसाहेब यंत्रं तपासायला पुन्हा आले होते. मी पाव्हण्यांबरोबर गिरणीत गेले, सरळ त्यांच्यापुढे उभी राहिले. गिरणीतल्या इंजिनिअरने इंग्रजीत विचारून दिलं. त्या दुसऱ्या गाण्यात तो माणूस एवढा का ओरडतो? मोरेसाहेब आधी हसले, मग म्हणाले, बस थांबली नाही म्हणून.

खरंच. तो दिवसभर काम करून स्टॉपवर उभा आहे. बस आली, ड्रायव्हरने त्याच्याकडे बघितलं, डोळ्याला डोळा भिडला, आणि गाडी तशीच पुढे काढली. एवढंच गाणं. पोरगी नाही, प्रेम नाही, देव नाही. इंजिनिअर हसला, पाव्हणे हसले. मी नाही हसले. घरी आले आणि इतकी संतापले की पोळी करपली. बस थांबली नाही, एवढ्याशा गोष्टीवर त्या माणसाला रागावता येतं, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोखाली, आणि लोक दुकानात जाऊन तो राग विकत घेतात! आणि माझ्या अंगावरून आख्खा जन्म न थांबता गेला तर मी झोक्यावर बसून तेवढी एक दुपार बोलायचं, आणि वर तू हसणार.

ऐकताना मी चुकले नव्हते, हिलाल. तो रागावलेलाच होता. तू चुकलास, कारण तुला राग ओळखूच येत नाही. तुझ्यावर कोणाला रागावूच दिलं नाही घरात.

यंदा आखाजीला मुराळी म्हणून मला माहेरी न्यायला येऊ नकोस. आलास तर दारातून परत पाठवीन, पाणीसुद्धा विचारणार नाही. मायला सांग, लेक येणार नाही, का येणार नाही तेही सांग. खोटं सांगू नकोस. शेठना मी होकार कळवला आहे.

बेबाबाई

*

सोनगीर
१८ मे १९९१

अक्का,

झालं तुझ्या मनासारखं? आता पेढे वाट पिंप्राळ्यात.

तू परत पाठवशील म्हणालीस, तरी मी मुराळी म्हणून आलो होतो. पिंप्राळ्याच्या तुझ्या गल्लीच्या तोंडाशी पाव्हणेच भेटले आणि म्हणाले, "घरात जाऊ नका, परात हातात घेऊन बसली आहे." मी तसाच स्टँडवर परत आलो. हे तुला पाव्हण्यांनी सांगितलं नसेल.

आखाजीच्या दिवशी मी इथे आलो. मी तिला सांगितलं, तुला पाव्हण्यांनी पाठवलं नाही. सांगितलं खोटं, काय करशील? दुपारी निंबाच्या झाडाला झोके बांधलेले, बठ्ठ्या गावच्या लेकी आलेल्या, आणि तुझी जागा रिकामी. माहेरी आलेल्या सुंदरबाईने विचारलं, बेबा कुठे? मग ती झोक्यावर बसली आणि तिने सुरू केलं. भाऊले पेटी, माले परात! तुझ्या चालीत, तुझ्यासारखं आधी बोलून आणि मग गळा सोडून! तू शिकवून ठेवलंस की काय सगळ्यांना? एकीचं झालं की दुसरी. भागाबाई काकूने तर भाऊच्या जागी हिलाल घातलं. "हिलालले पेटी!" माझ्या तोंडावर! पोरं मला बघून खिदळत होती. माझी साडी-गाडी कुठल्यातरी पोराने टेपवर लावली तर बायकांनी त्याला चपला दाखवल्या. गॉगलवाल्या फोटोवर कोणी तरी शेण लावलं आहे. चौकात उभं राहायची सोय राहिली नाही मला.

रीत आहे, मनावर घ्यायचं नसतं, मला माहीत आहे! तरी बसलो ओट्यावर गप्प. पण पुढे ऐक. माय उठली. तिचे गुडघे तुला माहीत आहेत, घरातल्या घरात भिंत धरून चालते. ती निंबापर्यंत गेली. सुंदरबाईला उठवलं, झोक्यावर बसली. आयुष्यात मी तिला गाताना ऐकलं नाही, जात्यावरसुद्धा नाही. आणि तुझ्या चालीवर तिने स्वतःचंच लावलं:

*लेकले परात तरी, माले काय?*
*नाव बी इसरनात, म्हनतस माय.*

तिने ते पुन्हा म्हटलं, माझ्याकडे बघून म्हटलं. मी काय केलं आहे तिचं? शाल घेऊन दिली, औषधं आणतो, दर आठवड्याला येतो. भर आखाजीला, गावासमोर, पोटच्या पोराला असं बोलायचं? काल तिला विचारलं, कशासाठी केलंस? तर म्हणाली, "तुना बापनी माले कधी नावघाई हाक मारी नही. तू तरी सांग, मन्हं नाव काय?" आणि मला, अक्का, एक घटकाभर आठवलं नाही. तेवढ्यात ती आत निघून गेली.

हे सगळं तुझ्यामुळे. तू गाणं केलं नसतंस तर माय गप्प होती, आम्ही सुखात होतो. आता बायांना पत्र लिहून हे थांबव.

हिलाल

*

पिंप्राळा
२४ मे १९९१

हिलाल,

मी कोणाला पत्र लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. गाणं माझ्या हातातून गेलं. पण ते गेलं माझं म्हणून, तू नेलंस तसं नाही.

तुझं पत्र पाव्हण्यांना वाचून दाखवलं. मायच्या ओळींशी आले आणि मला पुढे वाचता आलं नाही, त्यांनी हातातून घेऊन वाचलं. मी रडले, आणि रडताना माझे दात आवळलेले होते. गप्प होती म्हणजे सुखात होती, असं तुला कोणी सांगितलं? जात्यावर गात नव्हती त्याचं कारण तू कधी विचारलंस? आबांना जात्यावरच्या ओव्यांनी झोपमोड व्हायची. एकदा जात्याचा खुंटा काढून अंगणात फेकला होता त्यांनी. तेव्हा तू झोळीत होतास. पुन्हा तिने तोंड उघडलं नाही, ते परवापर्यंत.

आणि मी काय केलं म्हणतोस, तर हेच केलंस. शाल दिलीस आणि नाव विसरलास. शाल कोणाला दिलीस मग?

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, तशी आशा धरू नकोस. पण एक काम तुलाच करावं लागेल, कारण मायच्या जवळ तूच आहेस. जून उजाडला की मी धुळ्याला येते आहे, शेठच्या स्टुडिओत. तारीख कळवीन, त्या दिवशी मायला सोनगीरहून घेऊन ये. एसटीत बसव, नाहीतर गाडी कर, नाहीतर पाठीवर घेऊन ये. तिच्या ओळी मी म्हणणार नाही, ती स्वतः म्हणेल. आणि कव्हर छापायला जाशील तेव्हा शेवटच्या कडव्यासमोर असं लिहून दे. "बेबाबाईची आई" लिहायचं नाही, "हिलालची माय" लिहायचं नाही, आबांचं नाव तर मुळीच मागे लावायचं नाही.

गीत, चाल, आवाज : भिकुबाई.

छापायच्या आधी तिला हाक मारून हे वाचून दाखव. नावाने मार. आणि त्यातलं एक अक्षर जरी हाललं, हिलाल, तर मी आहे आणि तू आहेस.

अक्का